वाडीतली शाळा की एक नंबर? निकालाच्या टक्क्यापलीकडे शाळा कशी पारखावी

२०१२ सालची गोष्ट. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चौथीच्या शिष्यवृत्तीचा शाळावार निकाल वाचून दाखवला. आमची शाळा सगळ्यात खाली, शून्य टक्के. चौथीत मुलं होती दोन. एकाला परीक्षेदिवशी ताप भरला होता, दुसरी थोडक्यात राहिली. मान खाली घालून घरी आलो. पुढच्या वर्षी चौथीत तीन मुलं, त्यातली दोन पात्र ठरली. सदुसष्ट टक्के! त्याच परिषदेत शाल-श्रीफळ मिळालं. मधल्या बारा महिन्यांत मी काही वेगळा मास्तर झालो नव्हतो. शाळा तीच, फळा तोच, कातळाचा सडा तुडवत येणारी पोरंही त्याच चार घरांतली.

निवृत्तीनंतरही दर मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी आणि गावातले आईबाप एकच प्रश्न घेऊन ओटीवर येतात: "गुरुजी, पोराला वाडीतल्या शाळेत घालू की एक नंबरला?" एक नंबर म्हणजे गावातली सातवीपर्यंतची मोठी शाळा. हातात निकालाचा एखादा कागद असतो नाहीतर कुणीतरी फिरवलेला फोटो. त्या कागदावरून निर्णय घेतला तर चुकण्याचीच शक्यता जास्त. म्हणून शाळाशाळांतला फरक स्वतः कसा बघायचा, ते इथे क्रमाने सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळा डोळ्यांसमोर आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातला माझा अनुभव जास्त, पण रायगडातही बहुतेक गोष्टी अशाच आहेत.

जिल्ह्याच्या नावावर विसंबून राहू नका, हे आधीच सांगतो. कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ ला ९९.०१ टक्के लागला, २०२५ ला ९८.८२. राज्यात पहिला. अभिमान मलाही आहे. पण तो आकडा दहावीचा आहे, दोन जिल्ह्यांचा मिळून आहे. तुमच्या वाडीतल्या तिसरीच्या पोराला हातचा घेऊन वजाबाकी येते का, याचं उत्तर त्यात नाही.

आधी यादी करा, आणि जोड्या नीट लावा

आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळा एका वहीत लिहून काढा. सहसा दहा-पंधरा निघतात. प्रत्येकीपुढे चार रकाने: कितवीपर्यंत आहे, माध्यम कोणतं, पट किती, शिक्षक किती. शाळेचा युडायस क्रमांक भिंतीवर लिहिलेला असतो. अकरा आकडी, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होणारा. तो युडायस प्लसच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्कूल'मध्ये टाकला की इयत्तावार पट, शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहं, सगळं मोबाइलवर दिसतं. मात्र तिथली माहिती मागच्या वर्षाची असू शकते, तेव्हा मुख्याध्यापकांकडून पडताळून घ्या.

आता जोड्या लावा. चौथीपर्यंतची दोनशिक्षकी वाडीशाळा सातवीपर्यंतच्या 'पूर्ण प्राथमिक शाळा नं. १'शी ताडून बघणं म्हणजे होडी आणि ट्रॉलर एकाच शर्यतीत उतरवणं. वाडीशाळेची तुलना वाडीशाळेशीच करा. किनाऱ्यावरच्या गावांत जिल्हा परिषदेच्या उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत, त्या वेगळ्या ठेवा. तिथल्या मुलाला मराठी ही नव्याने शिकायची भाषा असते.

आणखी एक खाचखळगा. २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होऊ लागली; २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. मधल्या वर्षांत चौथीपर्यंतच्या शाळा त्या यादीतून आपोआप गळाल्या. एखाद्या वाडीशाळेचं नाव निकालात नाही म्हणून "तिथे काही शिकवत नाहीत" असं लोक बोलताना मी कानांनी ऐकलंय. नाव नसण्याचं कारण एवढंच, की तिथे पाचवीचा वर्गच नाही. हातातला निकाल ज्या वर्षाचा आहे, त्या वर्षी परीक्षा कोणत्या इयत्तेला होती, ते आधी बघा.

पट लहान असेल तर टक्का नाचतो

हा भाग सावकाश वाचा. निम्मा गैरसमज इथेच फिटेल.

समजा, पाचवीपर्यंतच्या एका वाडीशाळेत पाचवीला तीन वर्षांत अनुक्रमे ५, ४ आणि ६ मुलं होती. पात्र ठरली ४, १ आणि ४. टक्के काढा: ८०, २५, ६७. पहिल्या वर्षी गाव म्हणतं शाळा सोन्यासारखी, दुसऱ्या वर्षी म्हणतं बंद करा. आता मोठी शाळा घ्या. मुलं ४०, ३८, ४२. पात्र २२, २१, २४. टक्के ५५, ५५, ५७. अगदी संथ, भरतीच्या वेळच्या खाडीसारखे.

आता तीन वर्षांची बेरीज करा. वाडीशाळा: १५ पैकी ९, म्हणजे ६० टक्के. मोठी शाळा: १२० पैकी ६७, म्हणजे ५६ टक्के. दोन्ही जवळपास सारख्या! वाडीशाळेत एक मूल म्हणजे वीस-पंचवीस टक्के. मोठ्या शाळेत एक मूल म्हणजे अडीच टक्के. म्हणूनच केंद्राच्या यादीत पहिला आणि शेवटचा क्रमांक बहुतेक वेळा लहान शाळांकडेच जातो, आणि मोठ्या शाळा मधे राहतात. यात कुणाचं कौतुक नाही, कुणाचा दोषही नाही. हे साधं गणित आहे.

तेव्हा नियम असा: वर्गात दहापेक्षा कमी मुलं असतील तर एका वर्षाचा टक्का बघायचाच नाही. निदान तीन, जमल्यास पाच वर्षांची मुलं एकत्र मोजायची. आणि भागायचं ते परीक्षेला बसलेल्यांनी नाही, वर्गाच्या पटाने. बावीसांच्या वर्गातली सहा हुशार मुलं बसवून सहाही पात्र आणणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. कागदावर १०० टक्के, वर्गाच्या हिशेबाने २७. उरलेल्या सोळांचं काय, हे कुणी विचारत नाही. बाविसांच्या बावीस बसवून नऊ पात्र आणणाऱ्या बाईंना मी जास्त मानतो. 'पात्र' आणि 'शिष्यवृत्तीधारक' यांचीही गल्लत करू नका. शिष्यवृत्ती गुणवत्ता यादीतल्या ठरावीक मुलांनाच मिळते, पात्र त्याहून पुष्कळ जास्त असतात.

शिक्षक: मंजूर किती, वर्गावर किती

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. दर वर्षीच्या संचमान्यतेत पदं ठरतात, आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. कागदावरचं हे चित्र. वर्गातलं वेगळं असू शकतं: एक पद रिक्त, एक गुरुजी दुसऱ्या शाळेत 'कामगिरीवर', एक बाई प्रसूती रजेवर. आंतरजिल्हा बदल्यांत घाटावरचे शिक्षक आपापल्या जिल्ह्यात गेले की आपल्याकडच्या कित्येक शाळा महिनोन् महिने एका माणसावर चालतात. त्यांच्यावर राग धरू नका. आईबापांपासून चारशे-पाचशे किलोमीटर लांब दहा-बारा वर्षं काढलेली माणसं असतात ती. पण हिशेब मात्र करा.

कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरलंय, म्हणजे दिवसाला चार तास. चार इयत्ता आणि दोन शिक्षक असतील तर एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचे दोन तास येतात. एकच शिक्षक असेल तर एक तास, आणि त्यातच ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी आणि तालुक्याच्या बैठका. म्हणून विचारायचा प्रश्न "शिक्षक किती?" हा नाही. विचारा: "गेल्या तीन वर्षांत किती महिने दोन्ही शिक्षक वर्गावर होते?" एवढ्या एका प्रश्नाने शेजारच्या दोन शाळांमधला निम्मा फरक उलगडतो.

मुलं कुठून आली

एका वर्षी ऑक्टोबरात आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी जोडप्याची मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात आली. मराठीचा शब्द ओळखीचा नव्हता. देवनागरी थोडीफार येत होती, तेवढाच धागा. पहिले पंधरा दिवस ती खिडकीशी बसून नुसती ऐकायची. मग तिने शेजारणीच्या पुस्तकावर बोट ठेवून बोलायला सुरुवात केली. फेब्रुवारीत ती दुसरीच्या पुस्तकातला उतारा अडखळत, पण शेवटपर्यंत वाचायची. वार्षिक मूल्यमापनात तिची श्रेणी वर्गात खालून पहिली. माझ्या उभ्या नोकरीत चार महिन्यांत एवढं अंतर कापलेलं दुसरं मूल मला आठवत नाही. मे अखेरीला बागेचं काम संपलं आणि ते कुटुंब गेलं. निकालपत्रकात राहिली ती फक्त श्रेणी.

अशी मुलं कुठे असतात ते ओळखा. देवगड-राजापूर पट्ट्यातल्या आंब्याच्या बागा, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं, बंदरांवर खलाशांची घरं, रायगडात वीटभट्टीला जाणारी कातकरी कुटुंबं. त्यांची मुलं मधेच येतात, मधेच जातात. त्यांना दारातून परत न पाठवणाऱ्या शाळेचा टक्का घसरतो. ती शाळा वाईट आहे असं म्हणायचं असेल, तर आधी तिच्या पटातली किती मुलं जूनपासून मार्चपर्यंत तिथेच होती, हे मोजा.

२०२०चं साल विसरू नका. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे घरांबरोबर शाळांची छपरंही उडाली, आणि त्याआधीच मार्चपासून कोविडमुळे वर्ग बंद होते. त्या वर्षी पहिलीत नाव घातलेल्या मुलांची पहिली घरातच गेली, दुसरीही बरीचशी. हीच मुलं २०२४-२५ ला पाचवीत होती. त्या तुकडीवरून शिक्षकाला जोखू नका.

स्वतः वाचून घ्या

सगळ्यात खात्रीचं काम हेच, आणि त्याला पैसा लागत नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलांकडून वाचून घेतात, तीच साधी पद्धत आपल्या वाडीत वापरायची.

शाळेत परीक्षा घ्यायला जाऊ नका. मूल घाबरतं आणि शिक्षकही दुखावतात. मुख्याध्यापकांना आधी सांगा, आईबापांची परवानगी घ्या, आणि संध्याकाळी पडवीत नाहीतर खळ्यात मुलाशेजारी बसा. समोर नाही, शेजारी. आधी दोन मिनिटं गप्पा: बैल कुणाचे, मासे कुठे लागतात. घरी मालवणी, संगमेश्वरी, आगरी जी बोली असेल तीत बोला.

मग मागच्या इयत्तेच्या बालभारतीतला न शिकवलेला किंवा विसरलेला उतारा पुढे करा. तिसरीच्या मुलाला दुसरीचा. तो वाचता आला तर पुढचा, नाही आला तर चार सोपी वाक्यं, तीही नाही जमली तर दोन-तीन अक्षरी शब्द, मग सुटी अक्षरं. मूल ज्या पायरीवर न अडखळता उभं राहतं ती त्याची पायरी. उतारा वाचला की दोन प्रश्न विचारा, एक सरळ उताऱ्यातला आणि एक "असं का झालं असेल?" असा. पोपटासारखं वाचणारं मूल दुसऱ्या प्रश्नाला थांबतं, हे हमखास दिसेल. उत्तर बोलीत आलं तरी ते बरोबरच धरा. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाच्या उद्दिष्टात तिसरी संपताना मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. पण घड्याळ मुलाला दाखवू नका. मनातल्या मनात मोजा.

गणिताला दोनच गोष्टी. दुसरी-तिसरीला ५२ वजा २७. चौथी-पाचवीला ८७५ भागिले ७. वजाबाकीचं उत्तर २५ आलं तर हातचा नीट कळलाय, ३५ आलं तर नाही. त्याऐवजी "आईने पन्नासची नोट दिली, सत्तावीसचे मासे घेतले, किती उरले?" असं विचारलं आणि मूल झटकन २३ म्हणालं, पण कागदावर अडलं, तर समज आहे, मांडणी शिकवायची राहिलीय. हा फरक वहीत लिहून ठेवा, शिक्षकाला तो मोलाचा वाटेल.

वहीत मुलाचं नाव लिहू नका, नुसता क्रमांक. मुलांची आपापसांत तुलना करून कुणाच्या अंगणात बोलू नका. लहान गावात ती मुलाला वर्षानुवर्षं चिकटते.

आता मुख्य मुद्दा. ही फेरी जुलैत एकदा आणि फेब्रुवारीत एकदा करा. जुलैत 'अक्षर' पायरीवर असलेलं मूल फेब्रुवारीत 'वाक्य' वाचत असेल, तर शाळेने काम केलंय. जुलैत उतारा वाचणारं मूल फेब्रुवारीत तोच उतारा वाचत असेल, तर शाळेचा निकाल कितीही चकचकीत असो, त्या मुलाचं वर्ष वाया गेलंय. मुलं कुठे पोचली हे सगळेच बघतात, कुठून निघाली हे लिहून ठेवलेलं नसतं. दोन शाळांमधला खरा फरक या दोन पानांच्या मधे असतो.

बाकीचे कागद

शाळेतच असतात, आणि पालकाला आपल्या मुलाचे बघायला मिळतात. पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापनाच्या नियतकालिक चाचण्यांच्या उत्तरपत्रिका मागा. गुण सोडा, चूक कुठे होते ते बघा. मुलं किती शिकली हे मोजणारी जिल्ह्याची संपादणूक सर्वेक्षणं (१२ नोव्हेंबर २०२१चं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ४ डिसेंबर २०२४चं परख) नमुना शाळांवर चालतात. त्यातून जिल्हा कळतो, तुमची शाळा नाही. सुंदर शाळेच्या स्पर्धेतलं बक्षीस ही आनंदाची गोष्ट, पण तिथे रंगरंगोटी, परसबाग, उपक्रम यांनाही गुण असतात.

हजेरीपत्रकात तीन ठिकाणी बघा: जुलै, शिमग्याचा आठवडा आणि एप्रिल. जुलैत हजेरी पडली तर वाटेत वहाळ (ओढा) आहे आणि साकव (लहान पूल) नाही किंवा मोडलाय. तो दोष ग्रामपंचायतीच्या दारात न्यायचा, शाळेच्या नाही. एप्रिलात पडली तर मुलं आंबा, काजू काढायला लागलीत. पण वर्षभर दर सोमवारी आणि शनिवारी तीच चार नावं गैरहजर असतील, तर कुणीतरी त्या घरी जायला हवं.

एक सकाळ शाळेत बसा

मुख्याध्यापकांना विचारून मागच्या भिंतीशी दोन तास बसा. माझ्या शाळेत फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ असायची. डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. डावीकडे शिकवताना उजवीकडची मुलं काय करतात, यावर बहुवर्गाची शाळा तरते नाहीतर बुडते. हातात काम असलेली, एकमेकांना हळू आवाजात समजावणारी मुलं दिसली तर तिथे शिक्षक आहे. नुसतं "पाठ्यपुस्तकातलं उतरवून काढा" चाललं असेल तर ते वेळ काढणं आहे. वह्या उघडून बघा: लाल शाईने नुसती बरोबर-चूक खूण आहे, की चूक दुरुस्त करून घेतलीय? वाचनकोपऱ्यातली पुस्तकं कुरतडलेली, मळलेली असतील तर आनंद माना. कपाटात कोरी करकरीत बंद असतील तर विचारा. शेवटच्या रांगेतल्या मुलाचं नाव शिक्षकाने दोन तासांत किती वेळा घेतलं, तेही मोजा.

मग करायचं काय

सगळं जमलं की शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक असतात, आणि निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा तिनेच करायचा असतो. कित्येक गावांत सभेच्या वहीवर नुसत्या सह्या होतात, हे मनाला फार लागतं. तिथे तक्रारीचा पाढा नको, एक-दोन नेमक्या गोष्टी घेऊन जा: "तिसरीतल्या नऊपैकी पाच मुलं शब्दावर अडलीत. रोज परिपाठानंतर अर्धा तास वाचनाला देता येईल का?" रिक्त पद, कामगिरीवर गेलेले शिक्षक यांचा ठराव करून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.

माहिती दडवली जातेय असं वाटलं तरच माहिती अधिकाराकडे वळा. पंचायत समितीच्या शिक्षण विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराची मुदत तीस दिवस.

आणि शाळा बदलायची का? दोनदा वाचून घेतल्यावर मूल जागचं हललं नसेल, शिक्षकाशी बोलूनही वर्षभर काही बदललं नसेल, तर बदला. मुलाचं वय थांबत नाही. पण केवळ पट कमी आहे म्हणून नका बदलू. अकरांच्या पटातून दोन मुलं गेली की नऊ उरतात, आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ मध्ये मागवलेच होते. वाडीतली शाळा गेली तर भर पावसात सात वर्षांच्या पोराला दोन वहाळ ओलांडून जावं लागेल, आणि ते तुमचंच नसेल तर शेजारच्याचं असेल.

फेब्रुवारीतली दुसरी फेरी महाशिवरात्रीच्या आत उरका. शिमगा लागला की पोरं पालखीमागे असतात, घरात सापडत नाहीत. वही आणि दुसरीचं पुस्तक ओटीवरच ठेवून द्या.